हॅग्रिडच्या आधीचा कोल्ट्रेन

नट रॉबी कोल्ट्रेनवरचा लेख छान आहे पण तो म्हणजे फक्त 'हॅरी पॉटर'मधला हॅग्रिड असं वाटतं वाचून, 'क्रॅकर' या ब्रिटिश टीव्ही मालिकेला एकच ओळ? अहो त्यातल्या फिट्झ या गुन्हेगारी मानसशास्त्रज्ञाच्या रोलसाठी सलग तीन वर्षं बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार घेतलाय माणसाने, १९९४ ते ९६! पहिल्याच एपिसोडमध्ये हा फिट्झ लेक्चर देताना मोठमोठ्या तत्त्वज्ञांची नावं घेत एकेक पुस्तक पोरांच्या अंगावर भिरकावतो, तो सीन बघाच. दारू, जुगार, सिगरेट, घरात बोंब, आणि गुन्हेगारासमोर बसला की एकदम हळू आवाजात बोलायला लागतो, काटा येतो राव. आणि कोल्ट्रेनचं मूळ आडनाव मॅकमिलन बरं का, ग्लासगोजवळच्या रदरग्लेनचा, डॉक्टरचा मुलगा, कोल्ट्रेन हे जॅझवाल्या जॉन कोल्ट्रेनवरून घेतलेलं. त्याची २०१६ची 'नॅशनल ट्रेझर' ही मालिका पण सोडू नका.