चिखल मात्र खरा आहे

फ्रान्सिस्को प्रादियाचं 'ग्रानादाची शरणागती' हे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेलच, निदान पाठ्यपुस्तकछाप लेखांत तरी. 2 जानेवारी 1492. ग्रानादा म्हणजे स्पेनमधलं शेवटचं मुस्लिम राज्य, आणि त्याचा शेवटचा सुलतान बोआब्दिल काळ्या घोड्यावरून शहराच्या किल्ल्या घेऊन येतोय. समोर पांढऱ्या घोड्यावर राणी इसाबेल, शेजारी लाल झग्यात राजा फर्नांदो. साडेपाच मीटर रुंदीचं हे चित्र स्पेनच्या सेनेटने आपल्या माद्रिदच्या इमारतीसाठी मागवलं आणि प्रादियाने ते 1882 मध्ये, रोममध्ये राहून पुरं केलं.

सेनेटला भिंतीवर देशाचं ऐक्य हवं होतं. त्यासाठी प्रसंगही कसा सोयीचा निवडला बघा. दहा वर्षांची लढाई, वेढ्यात अडकलेलं शहर, यातलं काही नाही. सगळे कसे नटूनथटून आलेत, जणू जागेचा ताबा द्यायचा कार्यक्रम आहे. तहात मुसलमानांना आपला धर्म पाळायची हमी होती. 1502 मध्ये कॅस्टिलमधल्या, म्हणजे इसाबेलच्या राज्यातल्या, मुसलमानांना सांगितलं गेलं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. ज्यूंना तर दहा वर्षंही मिळाली नाहीत. चित्रात मागे टेकडीवर जो अल्हाम्ब्राचा राजवाडा दिसतो ना, तिथूनच तीन महिन्यांत त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला.

म्हणून मी हे चित्र दरबारी थापेबाजी म्हणून सोडून देत होतो. मग एकदा स्क्रीनवर मोठं करून खालचा भाग पाहिला. ओली वाट, चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, खुरांनी तुडवलेला चिखल. इतक्या मखमलीच्या पायाशी एवढा राड! आणि त्याच चिखलातून, घोड्याशेजारी, सुलतानाचा नोकर पायी चालतोय. हा भाग काही ऐक्यासाठी रंगवलेला नाही. चित्रकाराने पाऊस पडून गेलेली सकाळ मनापासून रंगवली आहे, आणि माझी नजर राणीपेक्षा तिथेच जास्त रेंगाळते.

सेनेटच्या त्याच दालनात लेपांतोच्या, म्हणजे तुर्कांविरुद्धच्या, आरमारी लढाईचं चित्र आहे. तेही सेनेटनेच मागवलेलं, 1887 चं. स्पेनचा तो विजय रंगवणारा हुआन लुना होता फिलिपिन्सचा, म्हणजे स्पेनच्याच वसाहतीतला. त्याने मनिलात नौकानयनाचं रीतसर शिक्षण घेतलेलं, त्यामुळे समुद्र त्याला परका नव्हता. 1896 मध्ये फिलिपिन्समध्ये उठाव झाला, तेव्हा स्पॅनिश सरकारने संशयावरून त्यालाच तुरुंगात टाकलं. चित्र मात्र भिंतीवरून कोणी उतरवलं नाही.