कदेल

पाय अजून दुखतायत आणि त्याहून जास्त दुखतंय ते कदेल. सांगतो.

सुर्लाला चालत जायचं असं घरी म्हटलं तर बायको म्हणाली, देऊळ बघायला ना. नाही गं बाई, गोव्यात सुर्ला तीन. देवळाचं ते तांबडी सुर्ला, धारबांदोड्यात, कदंबांच्या काळातलं. दुसरं सुर्ला डिचोलीत, खाणींचं. मी निघालो तिसऱ्या सुर्लाला, सत्तरीतल्या, चोर्ला घाटातल्या डोंगरावरच्या. मे महिना होता हे मान्य.

केरीहून वर चढलो, अर्धा डांबरी घाटरस्ता, अर्धी पायवाट. याच सत्तरीत 1852 साली दीपाजी राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध बंड केलं, आणि माझं तिसऱ्याच वळणावर पाणी संपलं. असो.

गावात शिरलो तर पहिल्याच घराच्या सोप्यावर एक आजोबा. माझ्या हातातल्या मोबाईलकडे (नकाशा चालू होता) बघून आतल्या सुनेला ओरडले, "कदेल हाड गो!" लाल प्लास्टिकची खुर्ची, एका पायाला वायर गुंडाळलेली. मी बसलो. स्वर्ग.

"तुमी वाघाचे काय जमनीचे?"

काय बोलणार? तोंडात लोटाभर पाणी होतं, मी नुसती मान हलवली. चूक तीच झाली. आजोबा सुटले. 2020 साली म्हादई अभयारण्यात चार वाघ मेले, 2023 साली हायकोर्टाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हटलं, आणि आमची ही जमीन मोकाशाची, म्हणजे जुन्या इनामदाराची, बापाने काजी (काजूची झाडं) लावल्या, आज्याने लावल्या, कागदावर आमचं नाव कुठाय? "बरय!" म्हणाले, म्हणजे लिही. मी खरंच बरवलं. मोबाईलवर, 'काजी 40, माड 6, फणस 2' असं. चाळीस मिनिटं. एकाही साहेबाने इतकं ऐकून घेतलं नाही म्हणाले, तेव्हा मला लाजच वाटायला लागली.

"मागीर सायब कोण तुमी?"

"कोणी नाही आजोबा. चालायला आलोय."

"चलूंक? कित्याक?"

"असंच."

आजोबांनी डोंगराकडे बघितलं, माझ्या शंभर खिशांच्या पँटीकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "मागीर कदेल दी."

दिलं. काय करणार! सुनेने त्यावर कोकमाची सोलं वाळत घातलेलं सूप ठेवलं. मी पायरीवर.

राग आला, अजूनही आहे, पाणी दिलं तसं आणखी पाच मिनिटं बसू दिलं असतं तर काय झालं असतं? पण 1961 पासून, गोवा मुक्त झाल्यापासून, ज्यांना नुसतं बसवूनच ठेवलंय त्यांच्याकडे कदेलासाठी भांडायचं कोणत्या तोंडाने. खालून कोणी तरी खरंच वही घेऊन येईपर्यंत त्या कदेलावर सोलंच वाळणार.

ती यादी अजून मोबाईलमध्ये आहे. डिलीट करायला गेलो, झालं नाही. काजी 40, माड 6, फणस 2.