वीणा खाली ठेवायची नसते

परवा देवळात सप्ताहाच्या पहाऱ्याची यादी लागली आणि एक जुनी गोष्ट आठवली, म्हटलं लिहून टाकू. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं गाव बेळगावातनं वेंगुर्ला रोडनं गेलं की शिनोळीच्या अलीकडं, म्हणजे महाराष्ट्र दिसतो पण लागत नाही असं. सुगी आवरली की सप्ताह बसतो. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, सप्ताहात वीणा सात दिवस सात रात्री कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पाहिजे, ती खाली ठेवायची नसते. मग दोन-दोन तासांचे पहारे वाटून घेतात. तुझा टाइम संपला म्हणून तू घरी जाऊ शकत नाहीस, पुढचा येईपर्यंत उभं राहायचं, बस.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पहिल्यांदा माझं नाव यादीत आलं. पहाटे दोन ते चार. मी काय केलं, जेवून जरा पडलो आणि डोळा लागला तो थेट पावणेचारला उघडला. तसाच पळत सुटलो. देवळात माझ्या आधीच्या पहाऱ्याचे आबा उभे, वय सत्तरच्या पुढं, गुडघे कामातनं गेलेले, रात्री बाराला उभे राहिलेले ते तसेच. घसा बसलेला पण देवाचं नाव चालूच. मी म्हटलं, "आबा, डोळा लागला ओ." ते म्हणाले, "आलास नव्हं? घे." गळ्यातनं वीणा काढून माझ्या गळ्यात घातली आणि रीतीप्रमाणं वाकून माझ्या पायाला हात लावला. झोपून राहिलेल्या एकवीस वर्षांच्या पोराच्या पायाला! शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग नोकरी, पुणे, नऊ वर्षं. सोसायटी एकशे ऐंशी फ्लॅटची, जिम, क्लबहाऊस, सगळं. एकदा चार दिवस तापानं पडून होतो. ऑफिसच्या ग्रुपवर फुलांचे स्टिकर आले, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचं भांडण चालू होतं ते चालूच राहिलं आणि दारात येऊन बेल वाजवली ती फक्त डिलिव्हरीवाल्या पोरानं. लोक वाईट नव्हते हो, उगाच पुणेकरांना नावं ठेवायची नाहीत मला. पण त्या चार दिवसांत एक गोष्ट डोक्यात बसली, की माझ्यावाचून कुणाचं काही अडलंच नाही. माझं काम दुसऱ्याकडं दिलं गेलं, तेही सिस्टीमनं आपोआप. तिथं मला आबा आठवले. आपलं कुणी आहे काय, हे सगळेच विचारतात. पण मी नाही गेलो तर माझ्यासाठी कुणी उभं राहून राहतंय काय, हे कोण विचारतं?

हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा रिपोर्ट म्हणतो की जगात सहातल्या एका माणसाला एकटेपणा छळतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. ब्रिटननं २०१८ ला एकटेपणासाठी मंत्री नेमला, जपाननं २०२१ ला. अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे आरोग्याचे मुख्य डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये सांगितलं की माणसं तुटल्यानं होणारा तोटा दिवसाला पंधरा सिगारेटी ओढण्याच्या तोडीचा असू शकतो. मूर्तींचं मूळ गाव मंड्या जिल्ह्यातलं हल्लेगेरे, म्हणजे आपल्याच राज्यातलं, कर्नाटकातलं (आपल्या म्हणालो म्हणून लगेच भांडायला येऊ नका).

हां, त्यावरच यायचं होतं. आम्ही सीमेवरचे लोक, आमचं 'आपलं' जरा अवघडच. पुण्यात विचारायचे, बेळगाव म्हणजे तुम्ही कन्नड ना? बेंगळूरला ट्रेनिंगला गेलो तर, महाराष्ट्रका क्या? १ नोव्हेंबरला एकाच शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं, बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणाऱ्यांची काळ्या दिनाची सायकल फेरी. माझे आजोबा १९५६ पासूनचे या फेरीवाल्यांतले. त्या पिढीला लढ्यानं काय दिलं हे मी डोळ्यानं बघितलंय. एरवी शेतात एकटा राबणारा माणूस, त्या दिवशी त्याची सायकल कुणीतरी मोजत होतं. त्याला नावं ठेवणारा मी कोण. पण नुसतं कुणाच्या तरी विरोधात असणं जन्मभर पुरतं काय, ही शंका मला आहे आणि ती दोन्ही बाजूंना लागू आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथं मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एक प्रयोग केला. बारा-एक वर्षांची बावीस पोरं, दोन गट, गटांत स्पर्धा लावली. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, खोल्यांवर धाडी, सगळं झालं. मग एकत्र जेवायला बसवून बघितलं तर अन्न फेकून मारामारी. शेवटी उपयोगी काय पडलं, तर पाणी बंद पडलं ते मिळून सुरू करणं आणि अडकलेला ट्रक मिळून ओढणं. आणि ओढायला दोर कुठला, तर आधी रस्सीखेचीला वापरलेलाच! त्या प्रयोगावर नंतर टीकाही झाली, की मोठ्यांनीच पोरांना भांडायला लावलं म्हणून. यावर मी काय बोलू, आमच्याकडं तरी कोण लावतं?

तो दोर वाचला तेव्हा मला लक्ष्मी यात्रेचा रथच दिसला. आमच्या भागात गावची यात्रा कुठं पाच वर्षांनी, कुठं बारा, कुठं त्याहून जास्त वर्षांनी येते. आधी वार पाळायचे, ठरलेल्या वारी शेतात कुणी जायचं नाही. घरटी वर्गणी, घरं रंगवायची, दिलेल्या लेकी झाडून सगळ्या येणार, देवी गदगेवर (चौथऱ्यावर) बसणार. रथ ओढताना शेजारी कोण हे कुणी बघत नाही, खांदे घासतात, "सावकाश" आणि कन्नडातलं सावकाश, "निधान", एकदमच ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी बोर्डाच्या भाषेवरनं वाद घालायला मोकळे, ते वेगळं.

गावाचं फार गोड चित्र काढतोय असं वाटत असेल तर थांबा. गावात एकटं राहायची सोय नाही. माझी गाडी कुठं उभी होती हे मला कळायच्या आधी चौकात कळतं. आणि आमच्याकडं बायकांना वीणेचा पहारा अजून नाही. आई सात दिवस महाप्रसादाच्या चुलीपुढं राबते, तिचं नाव कुठल्याच यादीत लागत नाही. परवाच्या बैठकीत मी हा विषय काढला, पंच मंडळींनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. पुढच्या वर्षी परत काढणार.

तीन वर्षांमागं मी परत आलो, घरनं काम करतो. गाव काही भरलेलं नाही, निम्मी पोरं पुणे-गोवा-बेंगळूरला, पहाऱ्याला नावं कमी पडतात. आबा आता नाहीत. यंदा दोन ते चारला माझं नाव आहे आणि चार ते सहाला शेजारचा डिप्लोमावाला पोरगा, त्याचं पहिलंच वर्ष. काल त्याला विचारलं, येशील न्हवं? तर मोबाईलमधनं डोकं वर न काढता म्हणाला, "अलार्म लावतो की."

बघू. गुडघ्याला लावायचं तेल आणून ठेवलंय.