यादीत भारत नाहीच!

ओएसिस हा ब्रिटिश रॉक बँड २००९ मध्ये फुटला तेव्हा मी कॉलेजात होतो. माझ्या गिटारच्या पेटीवरचं त्यांचं स्टिकर आता पार पांढरं पडलंय. ४ जुलै २०२५ ला कार्डिफमध्ये बँडचे दोघे गॅलाघर भाऊ स्टेजवर पुन्हा एकत्र उभे राहिले. मग सोल झालं, टोकियो झालं. भारत? एकही तारीख नाही!

दर वेळी हेच. दौऱ्याची यादी आली की बोटाने खाली-खाली सरकवत जायचं आणि हात हलवत परत यायचं. कुणी आलंच तर बहुतेक मुंबईत. म्हणजे रजा टाका, दुपारीच एक्स्प्रेसवे गाठा, परतताना घाटात ट्रकमागे अडका, पहाटे कोथरूड. तेही चालेल हो, आनंदाने करेन! पण या तरी! दोघांनीही पन्नाशी ओलांडली, आता आम्ही थांबायचं तरी किती?