आजीच्या गोष्टी बंद करा म्हणे, इंग्रजी येईल

तो "९० दिवसांत मूल फाडफाड इंग्रजी बोलेल" वाला मेसेज शेवटी आमच्या ताईपर्यंत पोचलाच. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी: घरात मातृभाषा, लोककथा, सणवारांची गाणी सगळं बंद करा, नाहीतर मूल इंग्रजीत विचार करणार नाही, दिवसभर इंग्रजी सिनेमे आणि कार्टून लावा, मातृभाषेतले सबटायटल्स चालणार नाहीत, आणि इंग्रजी गाणी पाठ करून घ्या, ग्रामर आपोआप येतं. ताईने आईला सांगूनही टाकलं की नातवाला गोष्टी सांगू नकोस. हे ऐकून मात्र राहवेना.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक आहे. १९७९ मधे स्टेफनसन, जोग-देव आणि अँडरसन या संशोधकांनी एक प्रयोग केला. इंग्रजीत लिहिलेली दोन पत्रं, एकात भारतीय लग्न, एकात अमेरिकन, आणि दोन्ही पत्रं भारतीय आणि अमेरिकन अशा दोन्हीकडच्या लोकांना वाचायला दिली. ज्याने त्याने आपल्याकडच्या लग्नाचं पत्र भराभर वाचलं, त्यातलं जास्त लक्षात ठेवलं, आणि परक्या लग्नाच्या बाबतीत भलतेच अर्थ लावले. अमेरिकन पत्रातली नवरी आजीचा ड्रेस घालते, तिकडे ही कौतुकाची गोष्ट, पण एका भारतीय वाचकाने आठवून सांगितलं की ड्रेस फार जुना होता, फॅशनबाहेरचा होता. आता हे लोक इंग्रजी वाचणारेच होते, त्यांचं अडलं ते पत्रामागचं जग माहीत नसल्यामुळे.

मग ज्या मुलाला एखादी गोष्ट आजीकडून ऐकून पाठ आहे त्याला तीच इंग्रजीत सांगा ना! पुढे काय होणार हे त्याला माहीत असतं, त्यामुळे नवा शब्द आला तरी अंदाजाने अर्थ लागतो. तुम्ही ती गोष्टच काढून घेतलीत तर तो अंदाज कशाच्या जोरावर करणार? आणि ज्या घरात मोठ्यांनाच इंग्रजी जेमतेम येतं तिथे मातृभाषा बंद केली की मुलाशी बोलणं उरतं ते "कम", "सिट", "ईट" एवढंच, म्हणजे रुसवे, प्रश्न, गप्पा सगळं गेलं. याची भरपाई कुठलं कार्टून करणार आहे?

गाण्यांचं थोडक्यात. उच्चाराची गोडी लागते, शब्द लक्षात राहतात, जरूर म्हणा. पण चालीसाठी शब्द ओढलेले असतात, वाक्यं मुद्दाम मोडलेली असतात, त्यातून ग्रामर शिकायचं म्हणजे अवघड आहे.

सबटायटल्सचं त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, मानावं लागेल. डच लोकांवरच्या २००९ च्या एका अभ्यासात अनोळखी ढंगाचं इंग्रजी ऐकताना इंग्रजी सबटायटल्सची मदत झाली, डच सबटायटल्सनी उलट अडचण केली. पण तो प्रयोग आधीच चांगलं इंग्रजी येणाऱ्यांवर होता, आणि मुद्दा कानाला सवय होण्याचा होता. ज्याला वाक्यच कळत नाही त्याने आधी मातृभाषेत बघावं आणि मग तोच सीन इंग्रजी सबटायटल्स लावून परत बघावा.

राहिले ९० दिवस. शब्दसंग्रहाचा अभ्यास करणारे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाप्रमाणे बोललेलं इंग्रजी बिनअडथळा समजायला सहा ते सात हजार शब्द लागतात, तेही एका शब्दाची सगळी रूपं एकच धरून. म्हणजे शून्यापासून सुरुवात करणाऱ्याने रोज सदुसष्ट ते अठ्ठ्याहत्तर नवे शब्द शिकायचे, एकही सुट्टी न घेता आणि एकही न विसरता.