त्या बाबागाडीचं काय?

अंडरग्राउंड कॉमिक्सच्या, म्हणजे स्वतःच छापून विकायच्या बंडखोर चित्रकथांच्या, कार्यशाळेची जाहिरात आज पाहिली आणि डोकंच फिरलं. दोन दिवस नुसतं अमेरिकी चित्रकार क्रंबसारखं चित्र काढायला शिकवणार. छपाई नाही, बांधणी नाही, विक्री नाही. मग अंडरग्राउंड उरलं काय?

१९६८, सॅन फ्रान्सिस्को. रॉबर्ट क्रंब आणि त्याची गरोदर बायको डेना हाइट स्ट्रीटवर बाबागाडी ढकलत निघाले. गाडीत ‘झॅप कॉमिक्स’चा पहिला अंक, किंमत २५ सेंट. रस्त्यावर का? १९५४च्या कॉमिक्स कोडचा (प्रकाशकांनीच घालून घेतलेली नियमावली) शिक्का नसेल तर वितरक कॉमिकला हात लावत नसत, आणि शिक्का हवा तर पोलीस-न्यायाधीशांची खिल्लीसुद्धा चालत नसे. अंक छापला चार्ल्स प्लायमेल या कवीने.

हे शिकवा ना! नुसत्या काळ्या रेघा असल्या की हाफटोन (बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणं) लागत नाही, छपाईची प्लेट स्वस्तात होते. रेघांवर रेघा मारून करडी छटा आणायची ती अशा छपाईत फार कामाची. २४ पानांना मधोमध दुमडलेले ६ कागद. कागदाच्या एका बाजूला शेजारी छापायच्या दोन पानांची बेरीज नेहमी २५. २४ शेजारी १, त्याच्या पाठीवर २ आणि २३. इथे चुकलात तर अख्खा गठ्ठा रद्दी. ऑफसेट यंत्रावर शाईबरोबर पाणीही लागतं; ते जास्त झालं की काळा फिका पडतो, कमी झालं की कोरी जागा मळते. शाई वाळायच्या आत कागद उलटा घातला की डाग पडलेच.

क्रंबने रंगवलेल्या बायका बघवत नाहीत, बरं, मान्य. चित्रकार ट्रिना रॉबिन्सने ते सुनावलं, आणि १९७० मध्ये बायकांनीच केलेलं कॉमिक ‘इट एन्ट मी, बेब’ निघालं. तेही त्या बाबागाडीच्याच वाटेने, कोडला न विचारता.

१९७३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या मिलर खटल्यातल्या निकालाने अश्लीलता ठरवायला स्थानिक समाजाचे निकष लावले. हे अंक विकणारे हेड शॉपवाले (गांजा ओढायच्या सामानाचे दुकानदार) धास्तावले, अंक ठेवीनासे झाले. चित्रकार तेच होते हो! विकायची जागा गेली.

असो. कार्यशाळेला जाणाऱ्या पोरांवर राग नाही. दोन ए४ कागद मधोमध दुमडा, आठ पानं होतात. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. तो उघडा, खाली थर्माकोल ठेवा, बाहेरून घडीवर दोन पिना मारा. अंक अलगद उचला, आत आलेली टोकं चमच्याने दाबा. उरलेल्या कडा शेवटी कापा, आधी नाही. आतला कागद बाहेर सरकतोच.