‘घरच्या घरी रॉकेट’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. त्यातला एक ग्रुप केळीच्या भावाचा. मजकूर थोडक्यात असा: ‘मॉडेल रॉकेट म्हणजे मोठा केलेला दिवाळीचा बाण. पीव्हीसी पाइपाचा तुकडा, खताच्या दुकानातली एक पुडी आणि स्वयंपाकघरातला एक डबा, झालं इंधन. अमेरिकेतली पोरं हेच करतात. इस्रोसुद्धा सायकलवरून, जुगाडातूनच उभी राहिली. एवढ्याशा रॉकेटला परवानगी लागत नाही. एक किलोमीटर उंच जातं. पाण्याच्या बाटल्या उडवणं हा बालवाडीचा खेळ, मुलांना खरं विज्ञान शिकवा.’

एरवी मी असलं काही वाचून पुढे जातो. पण ठिबकचं काम झालं की उरलेल्या पाइपांचे तुकडे आपल्याकडे घरोघरी पडलेले असतात, आणि खताची गोणी ओट्यावरच असते. सामान हाताशी आहे म्हणून उत्तर देतोय.

आधी अमेरिकेची गोष्ट. ‘तिकडची पोरं हेच करतात’ हे वाक्य उलटं वाचायला हवं. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक हा पहिला उपग्रह आकाशात गेला आणि तिकडे पोरं खरंच घरात इंधन कालवायला लागली. कुणाची बोटं गेली, कुणाचा जीव. त्यावरचा उपाय नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी आधीच तयार होता. तिथले चपला-बुटांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्येच कागदी नळीचं छोटं रॉकेट आणि त्यात बसवायची, जळून गेली की बदलायची तयार मोटर, म्हणजे इंधन भरलेलं नळकांडं, करून ठेवली होती. व्हाइट सँड्सच्या रॉकेट चाचणी केंद्रावर काम केलेले जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ पासून ती कल्पना नियमांसकट पसरवली. म्हणजे पोरांचा हात इंधनाला लागू नये म्हणून जो छंद जन्माला आला, त्याच्याच नावावर हा मेसेज इंधन कालवायला सांगतोय.

तिथले नियम आजही साधे आहेत. मोटर कारखान्यातली. अंग कागदाचं, हलक्या लाकडाचं किंवा प्लास्टिकचं. पेटवायचं ते बटण दाबून, विजेच्या तारेने, लहान मोटर असली तरी निदान ५ मीटर लांबून. मोटरचं नळकांडं जाड कागदाचं असतं, कारण फुटलं तर कागद फाटावा. पीव्हीसी तापलं की मऊ पडतं, आणि फुटलं की त्याच्या धारदार चिपा उडतात. तो पाइप विहिरीचं पाणी वाहून नेण्यासाठी आहे, आग कोंडण्यासाठी नाही.

परवानगीचं दोन ओळींत संपतं. १८८४ च्या स्फोटक कायद्यात ‘स्फोटक’ कशाकशाला म्हणायचं याची यादी आहे आणि तीत ‘रॉकेट’ हा शब्द आहे. परवान्याशिवाय असलं काही बनवणं हा गुन्हाच, आणि परवाने देणाऱ्या खात्याचं मुख्यालय फार लांब नाही, नागपुरात आहे. ‘छोटं आहे’ ही सबब तिथे चालत नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत बंदुकीच्या गोळ्या बनतात. तिथल्या कुणा ओळखीच्या माणसाला विचारा, बंदुकीच्या दारूजवळ जाताना खिशात काडेपेटी चालते का.

सायकलचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. रॉकेटचा भाग सायकलच्या कॅरिअरवरून नेतानाचा तो फोटो मलाही फार आवडतो. पण सायकल वाहतुकीला होती. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून उडालेलं रॉकेट अमेरिकेचं नाइकी-अपाचे, त्यातला सोडियमच्या वाफेचा प्रयोग फ्रान्सचा, आणि आपले इंजिनिअर आधी नासाच्या केंद्रावर शिकून आलेले. ७५ मिलिमीटर व्यासाचं आपलं स्वतःचं रोहिणी उडायला १९६७ चा नोव्हेंबर उजाडला. चार वर्षं शिकण्यात गेली, त्याला जुगाड म्हणायचं?

आता बाण आणि बालवाडी. दिवाळीच्या बाणाला मागे काडी असते, तिच्यामुळे तो बऱ्यापैकी सरळ जातो. कुठे पडतो याची जबाबदारी कुणावर नसते. मॉडेल रॉकेट मात्र परत आणायचं असतं आणि पुन्हा उडवायचं असतं. सगळी अक्कल तिथे लागते, आणि ती अक्कल पाण्याच्या बाटलीतही तेवढीच लागते.

आम्ही अमळनेरजवळच्या एका शेतात, कपाशी निघाल्यावर, गल्लीतली पाच-सहा पोरं घेऊन उडवतो. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, ओरखडा नसलेली. त्यात साधारण ६०० मिली पाणी. सायकलच्या पंपाने हवा ६० पौंड, त्यापुढे नाही. लांब नळी, खटका ओढायला दोरी, आणि सगळे मागे. बाटलीच्या तोंडाचा व्यास जेमतेम २२ मिलिमीटर, पण सुटण्याच्या क्षणी त्यातून ३० किलोंच्या आसपास जोर मिळतो. रॉकेटचं वजन पाण्यासकट पाऊण किलोच्या आत. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमने घेतलेला व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवला, तर वीसएक फ्रेममध्ये पाणी संपलेलं दिसतं. बालवाडीवाल्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. अर्ध्याहून जास्त पाणी भरलं तर ढकलायला हवा उरत नाही, पाणीच नसेल तर मागे फेकायला वजन नाही. पोरं हे तिसऱ्या-चौथ्या उड्डाणात स्वतः शोधतात.

पंखांचंही तसंच. वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या दाबाचा मध्य मागे, दोघांत निदान रॉकेटच्या एका व्यासाचं अंतर. तपासायचं कसं? रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर काढून कापायची आणि पट्टीच्या धारेवर तोलायची. जिथे तोल साधतो तो दाबाचा मध्य, ढोबळ पण कामाचा. मग रिकामं रॉकेट वजनाच्या मध्यावर दोरीने बांधून डोक्याभोवती गरगर फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आली तर नाकात शाडूचा गोळा वाढवायचा.

एकदा मी घाईत ही फिरवणी केली नाही. सनबोर्डचा एक पंख तिरका चिकटला होता. बाटली दहा मीटर वर गेली, गिरकी घेऊन वळली आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, गंजीत घुसली. शेताचे मालक आप्पा शांतपणे म्हणाले, “पानी व्हतं म्हनीसन बरं भाऊ, इस्तो ऱ्हाता ते?” (इस्तो म्हणजे विस्तव.) फेब्रुवारीतली वाळलेली पऱ्हाटी, शेजारी केळीच्या बागेत लोंबणारी सुकी पानं. मेसेजवाल्याचा पाइप तिथे पडला असता तर काय झालं असतं, ते मला अजून डोळ्यांपुढे येतं. त्यानंतर आम्ही सकाळी वारा सुटायच्या आत जातो आणि विजेच्या तारांपासून लांबचा तुकडा निवडतो.

पॅराशूटला आम्ही केळीच्या घडाला घालायची स्कर्टिंग बॅग वापरतो. पातळ, हलकी, आणि बागेत वापरून झालेली फुकट मिळते. आठ दोऱ्या बांधायच्या आणि घडी घालून नाकाच्या टोपीत सैल ठेवायची. घट्ट कोंबली की उघडत नाही, हे आम्ही तीन बाटल्या चेपून शिकलो.

राहिला तो एक किलोमीटर. कार्लाइल यांच्या छंदातली ‘सी’ वर्गाची कारखान्यातली मोटर छोट्या रॉकेटला साधारण ३०० मीटरपर्यंत नेते. घरच्या पुडीने त्याच्या तिप्पट उंची गाठली, ती मोजली कुणी? आम्ही मोजतो. कोनमापकाला दोरा आणि त्याला नट बांधायचा, ५० मीटरवर उभं राहून सर्वांत वरच्या क्षणी कोन वाचायचा. गेल्या खेपेला ३५ अंश आला. पन्नास गुणिले ०.७, म्हणजे ३५ मीटर, अधिक मोजणाऱ्या पोराच्या डोळ्यांची उंची. पोरं शंभरच्या पैजा लावून बसली होती. “फक्त छत्तीस?” असं म्हणत त्यांनी लगेच पंख लहान करायला घेतले, आणि भरीत-भाकरी तशीच झाकून राहिली.